डिजिटल आरोग्याचा कायदा घडताना: हरकत कुठे, कधी आणि कशी नोंदवायची

२८ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्र सरकारने ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा राजपत्रात छापला आणि हरकतींसाठी ४५ दिवस दिले. बरोबर महिन्याने, २८ सप्टेंबरला, औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने देशव्यापी बंद पाळला. ते नियम अंतिम झालेच नाहीत. दुसरं उदाहरण २०२३ चं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्टला डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाची नवी नियमावली अधिसूचित केली. जेनेरिक नावाने औषध लिहिण्याची सक्ती, सोशल मीडियावर कसं वागावं याचे नियम आणि टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं, हे सगळं त्यात होतं. डॉक्टरांच्या आणि औषध कंपन्यांच्या संघटनांनी जोर लावला आणि २३ ऑगस्टला नियमावली स्थगित झाली. भांडण मुख्यतः जेनेरिकवरून होतं, स्थगिती मात्र सरसकट मिळाली. टेलिमेडिसिनचा भाग सुक्याबरोबर ओलं जळावं तसा गेला.

ही झाली दुकानं बंद ठेवू शकणाऱ्यांची गोष्ट. रुग्णांचा गट, दोन खोल्यांचा दवाखाना, चार जणांनी मिळून बनवलेलं आरोग्य ॲप, अपंग व्यक्तींची संघटना यांच्या हातात तेवढं बळ नसतं. त्यांच्या हाती असतो कागद. तो कागद योग्य टप्प्यावर, योग्य टेबलावर आणि कलमाची नेमकी ओळ बदलून गेला, तर उपयोगी पडतो. तो कसा पाठवायचा ते पुढे सांगितलं आहे.

समोर आलेला कागद नेमका कोणता?

पहिली चूक इथेच होते. ‘सरकारने काहीतरी आणलंय’ एवढ्यावर लोक लिहायला बसतात. विधेयक, नियम, मार्गदर्शक तत्त्वं आणि धोरण या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीत बदल करण्याची पद्धत वेगळी आहे.

विधेयक संसदेत किंवा विधिमंडळात मंजूर होतं. त्याचा मसुदा आधी लोकांसमोर ठेवावा, असं केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं: किमान ३० दिवस मसुदा खुला ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. ते पाळलं नाही म्हणून विधेयक रद्द होत नाही आणि ते बऱ्याचदा पाळलं जात नाही.

नियमांचं तसं नाही. ज्या कायद्याखाली नियम करायचे, त्यातच ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर’ असे शब्द असतील, तर मसुदा छापणं, मुदत देणं आणि आलेल्या हरकतींचा विचार करणं सरकारवर बंधनकारक होतं. ही रीत १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम २३ मध्ये लिहिलेली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४० मध्ये हे शब्द आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांनाही ही अट लागू आहे. म्हणून नवख्याने सर्वात जास्त जोर नियमांच्या मसुद्यावर लावावा. तिथे तुमचं म्हणणं विचारात घेणं हे सरकारचं कायदेशीर काम असतं, आणि तपशीलही तिथेच ठरतो. कायदा म्हणतो ‘विहित केलेल्या रीतीने’. ती रीत कोणती, किती तासांत, कोणत्या नमुन्यात, हे सगळं नियमांत येतं.

मार्गदर्शक तत्त्वं आणि धोरणं रातोरात येऊ शकतात. टेलिमेडिसिनची तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आली. कोणती औषधं पहिल्याच सल्ल्यात लिहिता येतील, कोणत्यांसाठी व्हिडिओ लागेल आणि कोणती दूरस्थ सल्ल्यात मुळीच लिहायची नाहीत, याच्या याद्या त्यात आहेत. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाच्या (आताचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन) आरोग्य माहिती व्यवस्थापन धोरणाचा मसुदा २६ ऑगस्ट २०२० रोजी आला, तेव्हा हरकतींसाठी सुरुवातीला जेमतेम आठवडा होता. ओरड झाल्यावर मुदत २१ सप्टेंबरपर्यंत वाढली. मुदतवाढीचं पत्र ही अशा वेळची पहिली, स्वस्त आणि बऱ्याचदा यशस्वी खेळी आहे. ते पत्र पहिल्या दोन-तीन दिवसांत पाठवा, पण वाढीच्या भरवशावर लिहिणं थांबवू नका.

कोणाचं दार ठोठवायचं?

डिजिटल आरोग्य हा एका खात्याचा विषय नाही, हीच खरी अडचण आहे. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा ओळख क्रमांक), आरोग्य नोंदींची देवाणघेवाण आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशन हे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे. डॉक्टरने दूरस्थ सल्ला कसा द्यावा हे वैद्यकीय आयोगाकडे. ऑनलाइन औषधविक्री आरोग्य मंत्रालय आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना यांच्याकडे. निदान किंवा देखरेख करणारं सॉफ्टवेअरही त्यांच्याकडेच. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आलं आणि १ एप्रिल २०२० पासून ते ‘औषध’ कायद्याच्या कक्षेत गेलं. त्यामुळे रक्तातली साखर मोजून डोस सुचवणाऱ्या ॲपबद्दलची हरकत माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे गेली, तर ती चुकीच्या टेबलावर पडून राहील.

त्यात राज्यघटनेची गुंतागुंत. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने राज्यसूचीत आहेत, वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. म्हणून दवाखान्याने नोंदी कशा ठेवाव्यात, दरपत्रक कुठे लावावं, असा मुद्दा असेल तर तुमचं दार मुंबईत, मंत्रालयात, सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे.

लिहायला बसण्याआधी एका कागदावर तीन ओळी उतरवा: हा मसुदा कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आलाय, हरकती कोणत्या पदनामाच्या अधिकाऱ्याकडे मागवल्या आहेत, आणि तुमची तक्रार त्या कलमाच्या आवाक्यात बसते का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तो मुद्दा वगळा. नियमाने मूळ कायद्याबाहेर जाता येत नाही. ‘कायदाच चुकीचा आहे’ हे नियमांच्या हरकतीत लिहिणं म्हणजे अधिकाऱ्याला ‘व्याप्तीबाहेर’ असा शेरा मारायची सोय करून देणं.

मुदत मोजणं

मसुदा ई-राजपत्रावर, खात्याच्या संकेतस्थळावर आणि काही वेळा लोकांच्या सूचना घेणाऱ्या सरकारी मायगव्ह पोर्टलवर सापडतो. राजपत्रातल्या मसुद्याला ‘सा.का.नि.’ क्रमांक असतो, इंग्रजीत जीएसआर. ईमेलच्या विषयात आणि पत्राच्या पहिल्या ओळीत तो क्रमांक व दिनांक लिहा. नुसतं ‘ई-फार्मसी नियमांबाबत’ असं लिहिलेलं पत्र कोणत्या फाइलला लावायचं, हे कारकुनाला कळत नाही.

मुदतीची ओळ नीट वाचा. बहुतेक मसुद्यांत ‘राजपत्राच्या प्रती जनतेस उपलब्ध झाल्याच्या दिनांकापासून’ ३० किंवा ४५ दिवस असं लिहिलेलं असतं. हा दिनांक राजपत्रावरच्या तारखेपेक्षा नंतरचा असू शकतो. तरीही स्वतःसाठी आधीची तारीखच धरा आणि दोन दिवस हातात ठेवा, कारण शेवटच्या संध्याकाळी पोर्टलं हमखास अडकतात. डेटा संरक्षण नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी आला. मुदत १८ फेब्रुवारी होती, ती पुढे ५ मार्चपर्यंत वाढली. ज्यांनी १८ फेब्रुवारी पक्की धरली होती, त्यांना उरलेल्या दिवसांत पुरवणी टिपण पाठवता आलं.

३० दिवस असतील तर विभागणी ढोबळमानाने अशी करा: ५ दिवस वाचन, १० दिवस माहिती गोळा करणं, ७ दिवस लेखन, ५ दिवस इतरांना दाखवून सह्या जमवणं, उरलेले ३ राखीव. लोक उलटं करतात. २० दिवस चर्चेत घालवतात आणि शेवटच्या रात्री कुणाचं तरी तयार पत्र उचलतात.

मसुदा कसा वाचायचा

पहिल्या पानापासून वाचू नका. आधी व्याख्या, मग अनुसूची, मग दंड, आणि शेवटी मधला मजकूर. खरा खेळ व्याख्यांत असतो.

एक जवळून बघू. डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांच्या वागणुकीचा माग काढणं याला बंदी आहे. नियमांच्या चौथ्या अनुसूचीत काहींना यातून सूट आहे. त्यात वैद्यकीय आस्थापना, मानसिक आरोग्य आस्थापना आणि आरोग्य व्यावसायिक येतात, तेही मुलाच्या आरोग्याच्या रक्षणासाठी लागेल तेवढ्यापुरतंच. आता मधुमेही मुलांच्या साखरेवर लक्ष ठेवणारं ॲप घ्या. ते चालवणारी कंपनी ‘वैद्यकीय आस्थापना’ आहे का? या शब्दाचा अर्थ नियमांनी २०१० च्या केंद्रीय कायद्यातून उचललाय, आणि तो कायदा लिहिताना ॲप कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. सूट आहे की नाही, हे चौथ्या अनुसूचीत दिसतं, पण उत्तर दडलंय दुसऱ्याच कायद्याच्या व्याख्येत. मसुद्यात ‘याचा अर्थ अमुक अधिनियमात दिल्याप्रमाणे’ अशी ओळ आली की तो अमुक अधिनियम उघडायचाच.

याच्या उलट, काय *नाही* हेही वाचावं लागतं. डेटा संरक्षणाच्या २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ होती, तिला वेगळं संरक्षण होतं. २०२२ च्या मसुद्यातून तो प्रकारच गेला आणि २०२३ च्या कायद्यातही आला नाही. आरोग्य मंत्रालयाने मार्च २०१८ मध्ये आरोग्य माहितीसाठी ‘दिशा’ या नावाने स्वतंत्र कायद्याचा मसुदा मांडला होता. पुढे तो विषय सर्वसाधारण डेटा कायद्यातच घ्यायचं ठरलं आणि ‘दिशा’ मागे पडला. म्हणजे वेगळा कायदा सोडला तो ज्याच्या भरवशावर, त्यातूनच नंतर वेगळं संरक्षण निघून गेलं. जुने मसुदे जपून ठेवा आणि नव्याशी ओळीने ताडून बघा. गळलेली ओळ कुणी जाहीर करत नाही.

सूचना लिहिणं

सर्वात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक मुद्द्याला पाच रकाने: नियम क्रमांक, मसुद्यातला मजकूर, अडचण, सुचवलेला मजकूर, आधार. अधिकारी सगळ्यांच्या सूचना नियमनिहाय एकत्र करतो. तुमचा कागद त्याच साच्यात असेल तर तो तसाच उचलला जातो. आठ पानी निबंध असेल तर त्याचं एक वाक्य होतं, तेही दुसऱ्याच्या शब्दांत.

नमुना म्हणून समजा, मसुद्यात असं आहे: ‘सेवा पुरवठादाराने रुग्णाची माहिती आवश्यक तेवढ्या कालावधीसाठी जतन करावी.’

नेहमीची हरकत: ‘कालावधी संदिग्ध आहे, तो स्पष्ट करावा.’ ही हरकत खरी असली तरी निरुपयोगी आहे, कारण स्पष्ट करायचं काम तुम्ही समोरच्यावर टाकलंत.

तीच सूचना कामाची अशी होते: ‘दूरस्थ सल्ला देणाऱ्या सेवा पुरवठादाराने रुग्णाची नोंद शेवटच्या सल्ल्याच्या दिनांकापासून ३ वर्षे जतन करावी. रुग्णाने मागणी केल्यास नोंदीची प्रत ७२ तासांच्या आत, वाचता येण्याजोग्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, विनाशुल्क द्यावी.’

आधाराच्या रकान्यात: वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवण्याचं आणि मागितल्यावर ७२ तासांत देण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. ३ आणि ७२ हे आकडे नवे नाहीत, म्हणून ते पचायला सोपे जातात. ‘उपचार सुरू झाल्यापासून’ऐवजी ‘शेवटच्या सल्ल्यापासून’ का, तर दूरस्थ सल्ल्यात तोच रुग्ण वर्षानुवर्षं परत येतो आणि पहिल्या तारखेपासून मोजलं तर चालू उपचाराच्याच नोंदी पुसल्या जातील. ‘माहिती’ऐवजी ‘नोंद’ का, तर माहितीत कॉलचं रेकॉर्डिंगही येतं आणि ते ३ वर्षं साठवणं छोट्या पुरवठादाराला परवडणारं नाही. ‘विनाशुल्क’ हा शब्द बहुधा काटला जाईल, पण घालायचा. घासाघीस करायला काहीतरी लागतंच.

सूचना दुसऱ्या कायद्यावर आदळत नाही ना, हेही बघा. डेटा कायद्यात माहिती पुसून मागण्याचा अधिकार आहे, पण कायद्याने जतन करणं भाग असेल तर तो चालत नाही. तुमच्या ३ वर्षांच्या सूचनेने रुग्णाच्या त्या अधिकाराला तेवढ्यापुरता आळा बसतो. हे स्वतःच लिहून त्याचं कारण द्या. दुसऱ्या गटाने आधी दाखवून दिलं तर तुमचा मुद्दा लपवाछपवीचा वाटतो.

मुद्दे किती? ७-८ पुरेत. ४० मुद्द्यांच्या पत्रात खरे महत्त्वाचे तीन कोणते, ते वाचणाऱ्याला ठरवावं लागतं आणि तो ठरवत नाही. सुरुवातीला एका पानाचा गोषवारा, मग रकाने, मग पुरावा. एकूण ६ ते १० पानं.

आकडे कुठून आणायचे

मोठ्या सर्वेक्षणाची गरज नाही. अधिकाऱ्याकडे राष्ट्रीय आकडे असतात, काउंटरवरचे नसतात. समजा, मसुदा प्रत्येक सल्ल्याआधी संमतीचा डिजिटल नमुना भरायला सांगतो. एका दवाखान्यात घड्याळ लावून ३० रुग्णांचा वेळ मोजा. सरासरी ३ मिनिटं आली आणि रोज ४० रुग्ण येत असतील, तर दिवसाला १२० मिनिटं, महिन्याच्या २६ दिवसांत ५२ तास. हा आकडा ‘अनावश्यक बोजा’ या शब्दांपेक्षा कितीतरी जड आहे. मोजणी कुठे, किती जणांवर, कोणत्या दिवशी केली ते लिहा. नमुना लहान आहे हे कबूल करा. रुग्णांची नावं, क्रमांक, स्क्रीनवरची छायाचित्रं चुकूनही जोडू नका. गोपनीयतेच्या नियमांवरच्या हरकतीत रुग्णाचा आभा क्रमांक दिसला, तर पुढचं कुणी वाचणार नाही.

कोण कुठे उभं आहे

एकाच कलमाने वेगवेगळ्या लोकांचं वेगवेगळं दुखतं. डॉक्टर उत्तरदायित्व आणि वेळ बघतात. मोठी रुग्णालयं खर्च झेलतात, पण लहान स्पर्धकाला जड जाणारा नियम त्यांना तितकासा खुपत नाही. ॲप आणि पोर्टल चालवणाऱ्या कंपन्यांना माहिती वापरायची मोकळीक हवी असते. विमा कंपन्यांना नोंदी हव्या असतात आणि रुग्णाला नेमकी त्याचीच भीती असते. किरकोळ औषधविक्रेते आणि ऑनलाइन विक्रेते तर समोरासमोर. रुग्णांचा आवाज सगळ्यात विखुरलेला, कारण ‘रुग्ण’ ही कुणाची कायमची ओळख नसते. जुनाट आजारांचे आणि अपंगत्वाचे गट तेवढे टिकून असतात.

एक तक्ता करा: कोण तुमच्या मुद्द्याशी सहमत, कोण विरोधात, कोण गप्प. विरोधकाबरोबरही एखाद्या कलमापुरतं एकत्र येता येतं. रुग्णगट आणि डॉक्टरांची संघटना एकाच व्याख्येवर सारखाच मजकूर सुचवतात, तेव्हा तो मुद्दा ‘हितसंबंधी’ म्हणून बाजूला टाकणं कठीण जातं. मात्र तेच पत्र शंभर जणांनी नाव बदलून पाठवलं, तर ते एकच पत्र धरलं जातं. सह्या एकाखाली घ्या आणि ज्यांचा अनुभव खरोखर वेगळा आहे, त्यांनाच वेगळं लिहू द्या.

स्वतःचा हितसंबंध पहिल्याच परिच्छेदात सांगा: आम्ही कोण, पैसे कुठून येतात, हा नियम बदलल्यास आमचा काय फायदा. लॉबिंगची नोंदणी करायला लावणारा कायदा भारतात नाही, म्हणून तर हे आपणहून लिहिणाऱ्याचं वजन वाढतं. आणि भेटीला जाताना भेटवस्तू नको, जेवणाचं निमंत्रण नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरतो.

पाठवताना

मायगव्हवर नियमनिहाय रकाने असतात. तिथे तक्ते मोडतात, ठळक अक्षरं जातात, आणि पान वेळेत सादर केलं नाही तर मजकूर उडतो. आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून मग चिकटवा. पोचपावतीचं छायाचित्र काढून ठेवा. ईमेल मागितला असेल तर पीडीएफ आणि शब्द उचलता येतील अशी फाइल, दोन्ही जोडा. स्कॅन केलेलं पत्र एकटं पाठवू नका, त्यातला सुचवलेला मजकूर कुणी पुन्हा टंकत बसणार नाही. टपालाने गेलात तर स्पीड पोस्टची पावती जपा.

मराठीत लिहिलं तर चालतं का? गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. व्यवहार मात्र वेगळा आहे. दिल्लीला जाणाऱ्या कागदात निदान सुचवलेला मजकूर इंग्रजीत द्या, कारण मसुद्याची इंग्रजी प्रतच दुरुस्त केली जाते. मंत्रालयात मराठी उत्तम.

विधेयक संसदेत गेलं तर

समितीकडे गेलं तर संधी मोठी. समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन निवेदनं मागवते आणि निवडक लोकांना साक्षीला बोलावते. ‘प्रत्यक्ष म्हणणं मांडण्याची इच्छा आहे’ ही ओळ निवेदनात नसेल तर बोलावणं येत नाही. आणखी एक: समितीला दिलेलं निवेदन गोपनीय दस्तऐवज होतं. ते फेसबुकवर टाकणं हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो. उत्साहाच्या भरात ही चूक फार होते.

समिती होईलच याची मात्र खात्री नाही. २०१९ चं वैयक्तिक डेटा विधेयक संयुक्त समितीकडे दोन वर्षं होतं. डिसेंबर २०२१ च्या अहवालात समितीने ८१ दुरुस्त्या सुचवल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयकच मागे घेतलं गेलं. त्यानंतरचं विधेयक ३ ऑगस्ट २०२३ ला लोकसभेत मांडलं, ७ ला तिथे आणि ९ ला राज्यसभेत मंजूर, ११ ला राष्ट्रपतींची संमती. समिती नाही. अशा वेळी उरतात ते खासदार. त्यांना एक पान द्या: कलम क्रमांक, दुरुस्तीचा तयार मजकूर, मतदारसंघातलं एक उदाहरण. प्रश्न विचारायचा तर लोकसभेत किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो, तो मिळणं नशिबावर. अतारांकित प्रश्नाचं लेखी उत्तरही कामाचं असतं, कारण ते नोंदीवर राहतं आणि पुढच्या हरकतीत ‘आधार’ या रकान्यात बसतं.

पाठवल्यानंतर

उत्तर येत नाही. हे गृहीतच धरा. २०२२ च्या डेटा विधेयकाच्या मसुद्यावर आणि २०२५ च्या नियमांवर आलेल्या सूचना विश्वस्त म्हणून ठेवल्या जातील आणि उघड केल्या जाणार नाहीत, असं माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मसुद्यासोबतच सांगितलं होतं. हेतू लोकांनी मोकळेपणाने लिहावं हा. परिणाम असा की कोणाच्या सांगण्यावरून कोणती ओळ बदलली, हे बाहेरच्याला दिसत नाही. तुमची स्वतःची सूचना उघड करायला मात्र आडकाठी नाही. समितीला दिलेली नसेल तर ती तुमच्या संकेतस्थळावर टाका.

माहिती अधिकारात १० रुपये भरून ‘माझ्या अमुक तारखेच्या सूचनेवर कोणता अभिप्राय नोंदवला’ असं विचारता येतं, उत्तराला ३० दिवस. ‘सगळ्या सूचना द्या’ असं मागितलंत तर नकार ठरलेला. सर्वोच्च न्यायालयाने कॉल ड्रॉपच्या (मध्येच तुटणाऱ्या मोबाइल कॉलच्या भरपाईबाबतच्या) २०१६ च्या निकालात नियम करण्याची प्रक्रिया पारदर्शी असावी यासाठी संसदेने कायदा करावा असं सुचवलं होतं. तसा सर्वसाधारण कायदा झालेला नाही.

अंतिम नियम आले की मसुदा आणि अंतिम प्रत शेजारी ठेवून फरक काढा. तुमच्या मुद्द्यांपुढे तीन खुणा करा: घेतला, अर्धा घेतला, नाही. ‘अर्धा’ची यादी सर्वात मोलाची, कारण पुढच्या दुरुस्तीत तोच मुद्दा पुन्हा सरकवता येतो. नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात आणि दोन्ही सभागृहांत असे नियम तपासणाऱ्या अधीनस्थ विधान समित्या असतात. नियम मूळ कायद्याबाहेर गेलाय असं वाटलं तर निवेदन तिथे पाठवता येतं. हा रस्ता फारसा कुणी वापरत नाही.

डेटा संरक्षण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती व्यवस्थापकांचे, म्हणजे लोकांच्या वतीने त्यांच्या संमती सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थांचे नियम एका वर्षाने. असा मधला काळ मिळाला की प्रत्यक्ष काय अडतंय याच्या नोंदी तारखेनिशी ठेवत जा: कोणत्या नियमाने कोणतं काम थांबलं, किती वेळ गेला, किती खर्च आला. पुढची दुरुस्ती येईल तेव्हा माहिती गोळा करायला ठेवलेले १० दिवस वाचतील.